मधुराची जागा

तिसऱ्या वर्षाला शिकणारी मधुरा कॉम्प्युटरच्या संशोधन गटात जागा मागायला गेली, तर उकिडवे मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवलं.

“अगं, तू तर वर्षभर आमच्याकडेच काम करते आहेस!”

कॉलेजने तिच्या शाळेपासूनच्या अभ्यासावरून तिची संगणकातली प्रतिकृती बनवून गटाला देऊन टाकली होती.

“म्हणजे माझी गरजच नाही?” मधुराचा चेहरा उतरला.

“तशी नाही. फक्त ही पडद्यावरची एकदा अडली की अडूनच बसते. तू अडलीस की काय करतेस?”

“आई भाजी निवडत असते, तिला सगळं समजावून सांगते. तिला ओ की ठो कळत नाही. ती नुसतं ‘बरं, मग?’ म्हणते, आणि मला सुचतं.”

मॅडम खुर्चीतून उठल्याच. “आईंना सोमवारपासून जमेल? भाजी इथेच निवडू देत.”