पाचशे ग्रॅमचं कासव

"किती मेले?" विनोदने मुंबईहून विचारलं.

तेजस्वीने मोबाईल पिंपावर धरला. अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपात गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते.

"सगळे," ती म्हणाली.

"दर वेळी सगळेच कसे मरतात?"

"हिच्या हाताला गुन नाय, म्हनून!" पडवीतून तिच्या सासूचा, चिमाचा आवाज आला. चिमाची जीभ अख्ख्या वाडीला ठाऊक होती. फोनवर मुलगा असला की तिला आणखी धार चढायची.

कासव विनोदचं. लाल कानपट्टीचं, विलायती. लग्नानंतर आठ महिन्यांत मुंबईच्या खोलीत त्या कासवाची पाठ मऊ पडली आणि तेजस्वीचं डावं मनगट मोडलं. चाळीच्या जिन्यावरून पडली, असं विनोदने सगळ्यांना सांगितलं. दोघांनाही त्याने एकाच गाडीतून गावी आणून सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी कासवाला ऊन आणि जिवंत मासे सांगितले होते. विकतच्या गोळ्यांना ते तोंड लावत नव्हतं. हलेल तेच खायचं.

"पाचशे ग्रॅम भरलं की दोघांना घेऊन जातो," विनोद तेव्हाच म्हणाला होता. तेजस्वीला आधी न्यायचीही त्याची तयारी होती, पण चिमाने पाय आपटले. "त्या जनावराला मी हात लावनार नाय. बायको न्हेतंस तर कासवबी ने." मऊ पाठीचं कासव प्रवासात दगावेल, या धास्तीने त्याने तिलाही इथेच ठेवलं.

तेव्हापासून तेजस्वी सासूच्या तावडीत होती. शेजारची काशी हळहळायची. "कासव वाढू दे गो बाय, म्हंजे सुटशील."

तेजस्वीच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. विहिरीचं पाणी ती दिवसभर उन्हात कोमट करून मगच पिंपात ओतायची, तेही अर्धंच बदलायची. आरोग्य केंद्रातून आणलेले नवे मासे आठवडाभर वेगळ्या टबात ठेवायची. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीने घालायची, उरलेला गाळणीने काढायची. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. तेव्हा ती तांब्याने पाणी वरखाली करत बसायची.

तरी दर आठ-पंधरा दिवसांनी पिंपातले मासे मरायचे. काशीचा संशय चिमावर होता. "म्हातारीच कायतरी करते," ती कुजबुजायची. तेजस्वी ऐकून पिंपाकडे वळायची.

"काट्यावर ठेव," विनोद म्हणाला.

तिने घमेल्यातलं कासव उचलून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. चारशे दहा. गेल्या रविवारी चारशे वीस होतं.

तेजस्वीने मोबाईल काट्यावर धरला.

"आईला दे फोन," विनोद म्हणाला.

चिमाने पदराला हात पुसत फोन घेतला.

"आई, खरं सांग. ही मुद्दाम मारते का मासे?"

"मुद्दाम कराया अक्कल लागते!" चिमा कडाडली. "तुझ्या बायकोच्या डोक्यात भुसा हाय नुसता. चार मासं जगवता येत नाय, ती तुझा संसार काय करनार? आनि आता मासं मेलं म्हनून रडत बसंल, काम कोन करनार? माझा बापूस?"

विनोद हसला. आईने बायकोला झोडपलं की त्याचा राग उतरायचा.

"बरं. अजून एक महिना बघतो," तो म्हणाला. "तिला सांग, माझं डोकं फिरवू नकोस."

"सांगते. सोडत नाय तिला."

फोन बंद झाला. तेजस्वी भिंतीला टेकून खाली बसली होती. चिमाने स्क्रीन दोनदा दाबून पाहिली, फोन तांदळाच्या डब्यामागे ठेवला आणि मागच्या दाराला कडी घातली.

"ऊठ," ती म्हणाली.

तेजस्वी उठली. कासव तिने घमेल्यात परत ठेवलं. मेलेले मासे तिने आवळीच्या मुळाशी टाकले, पिंप धुतलं, पाणी भरलं. टबात नवे मासे होते, चपळ, टवटवीत. त्यातले सहा गाळणीने काढून तिने कासवाच्या घमेल्यात सोडले. बाकीचे पिंपात ओतले. मासे क्षणभर बावरले आणि पांगले.

चिमाने कनवटीची पुडी सोडली. विहिरीत जंतू मारायला टाकायची टीसीएल पावडर होती ती. उग्र वासाने दोघींनी नाकाला पदर लावला. तेजस्वीने पुडीत बोटं घातली आणि पिंपावर हात झटकला.

"घमेल्यातबी टाकू वायच?" तिने विचारलं. "कायमचंच संपंल."

चिमाने तिचं मनगट हलक्या हाताने धरलं.

"नको गो बाय. कासव मेलं, तर तो उद्याच तुला न्ह्यायला येल."