उलाळ

"काऊन रे, आज कामावर नाही गेला?" श्यामलालनं रंधा बाजूला ठेवला.

"रजा काढली," वीरेंद्र दारातच म्हणाला. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

केशोरीत बैलगाड्या बनवण्यात श्यामलालचा जन्म गेला होता. नागपूरला विमानं दुरुस्त करणारा मुलगा असा आयता तावडीत सापडल्यावर तो सोडतो होय? धाकटी दामिनी परदेशी विमानात हवाईसुंदरी. महिन्याभरापूर्वी तिला नव्या विमानावर टाकलं, तेव्हापासून म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला होता.

घरात सामसूम होती. शेजारच्या नंदाबाईनं सकाळीच येऊन बजावलं होतं, आज चूल पेटवू नका, जेवण आमच्याकडून येईल. मग त्याच्या बायकोला, रुख्मालाही ती घेऊन गेली. असेल काही पूजा. तिच्या नवऱ्यानं, भैय्यालालनं, टीव्हीची वायरही मागून नेली होती.

"मले सांग, त्या विमानात नवं काय आहे?"

वीरेंद्र उंबऱ्यावर टेकला. "इंजिनं मोठी आहेत, बाबूजी. पंखाखाली मावत नाही, म्हणून पुढं सरकवून वर बसवली."

"अन् सांगाडा जुनाच?"

"जुनाच."

"मंग उलाळणारच!" श्यामलालनं अंगणातल्या गाडीच्या मागच्या टोकावर भार दिला. जू वर गेलं. "तोल सरकला का तोंड आभाळाकडं जाते. हे पोरालेही समजते."

"इंजिनांच्या जोरानं नाक वर जातेच, मंग कॉम्प्युटर ते खाली दाबते."

"अन् नाक वर गेलं, हे त्याले कोण सांगते?"

"एक यंत्र."

"एकच? ते खोटं बोललं तं?"

वीरेंद्रनं मान खाली घातली. "तं दाबतच राहते. जमिनीपर्यंत."

आपण इंजिनिअर पोराला हरवलं, या आनंदात श्यामलालनं मांडीवर थाप मारली. "आता लाव फोन पोरीले! म्हण, त्या विमानात पाय ठेवू नोको."

"मीच तिले म्हटलं होतं, बिनधास्त बस."

"म्हटलं तं म्हटलं. आता नोको म्हण!"

वीरेंद्रनं फोनला हात लावला नाही. श्यामलालची नजर आळीवरून फिरली. भर जेवणाची वेळ, पण एकाही घरातून, अगदी नंदाबाईच्याही, धूर निघत नव्हता. मयत झाल्यावर आळी चूल बंद ठेवते, तशी.

"कोण गेलं रे?" त्यानं विचारलं.

"तिचं विमान पहाटे उडालं, बाबूजी. सहाव्या मिनिटाले पडलं."

तेवढ्यात नंदाबाईच्या घरातून रुख्मानं हंबरडा फोडला.