दोन नंबरचे उत्तर

“एक नंबर. हे खरे नाही,” सत्यशीलाबाईंनी वाचले आणि त्या थांबल्या.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गाव जमले होते. सरपंच सत्यशीलाबाईंच्या हातात विधानसभेच्या छापील प्रश्नोत्तरांचा कागद होता. आमदारांच्या माणसाने तो मोबाइलवर पाठवला होता आणि बाईंनी सकाळी पलीकडे जाऊन त्याची प्रत काढून आणली होती. पलीकडे म्हणजे नदीपलीकडे. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, गोंडपिपरीचा रस्ताही पलीकडेच. अलीकडे हे गाव, त्याच्या मागे जंगल, आणि पार जायला लटारूभाऊंचा एकुलता एक डोंगा.

मागच्या भादव्यात लटारूभाऊंची हर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा नदी भरून चालली होती. लटारूभाऊंनी डोंगा पाण्यात घातला. गुणाबाईंनी लेकीचे डोके मांडीवर घेतले. मधल्या धारेत हर्षाने पाणी मागितले आणि ते तोंडाशी नेईपर्यंत ती गेली. पोटातले लेकरूही गेले. चूल पेटली नाही असे घर त्या दिवशी गावात एकच नव्हते.

आमदार भेटायला आले. पुलाचे विधानसभेत विचारतो म्हणाले. गावाला वाटले, उद्या उभे राहतील, विचारतील, आणि पूल होईल. पण तिथली रीत निराळी. प्रश्न महिनाभर आधी लिहून द्यायचा. मग चिठ्ठीत नंबर लागला पाहिजे. नंबर लागून पाळी आली तर मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर पुन्हा विचारता येते. प्रश्नांचा तास संपला तर उत्तर नुसते छापून मिळते. हिवाळ्यात नागपूरला नंबर लागला नाही. आता आषाढात मुंबईला लागला, तर पाळी येण्याआधी तास संपला. आणि प्रश्नाची भाषा तर काय सांगावी! घरातले माणूस गेले तरी तिथे आधी एक नंबरला ‘हे खरे आहे काय’, मग दोनला चौकशीत काय आढळले आणि तीनला काय केले, असेच विचारायचे असते.

आता खरे नाही म्हटल्यावर ओट्यावर गलका झाला. मुंबईत बसणाऱ्यांना नदी कुठून दिसणार, असे कोणी म्हणाले. सत्यशीलाबाईंचे डोळे कागदावर पुढच्या ओळीकडे सरकले होते. त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईने त्यांनी पुढचे वाचले.

“तीन नंबर. प्रश्न उद्भवत नाही.”

गुणाबाईंनी त्याचा अर्थ विचारला. बाईंनी खाली मान घालून सांगितला. हर्षा नदीत मेली हेच सरकारला मान्य नाही, म्हणून पुलाचे काय केले हा प्रश्नच येत नाही.

गुणाबाईंना अक्षर कळत नव्हते. पण सारी हयात बाजारात मासळी विकण्यात गेलेली, गिनती पक्की होती.

“एक झालं, तीन झालं. दोन कुठी हाय, बाई?”

दोनमध्ये काही विशेष नाही म्हणत सत्यशीलाबाई कागदाची घडी घालू लागल्या. गुणाबाईंनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. तेव्हा इतका वेळ पायरीवर बसलेले लटारूभाऊ उठले.

“वाचू नका बाई. दोन नंबरचं उत्तर मीच देल्लं हाय.”

मग त्यांनी सगळे सांगितले. हर्षाला जाऊन महिना झाला होता. तलाठी आला, भला माणूस, पोरगी कुठे वारली म्हणून विचारत होता. लटारूभाऊंनी सांगितले, घरीच. त्याने तसे लिहिले, यांनी अंगठा दिला. पुरात डोंगा घालायला तहसीलची बंदी होती. खालच्या गावात माणूस बुडाला तेव्हा डोंगा पोलिसांनी नेला होता. तो ठाण्याच्या आवारात उन्हाने तडकला आणि त्या गावाला दुसरा मिळाला नाही. आपला डोंगा गेला तर गाव पार कसे होणार, एवढेच लटारूभाऊंच्या मनात आले. वर्षभरात गावच्या तीन पोरी त्याच डोंग्याने बाळंतपणाला गेल्या आणि लेकरे घेऊन परतल्या. तलाठ्याचा कागद मृत्यूच्या दाखल्यापुरता असेल असे त्यांना वाटले होते. विधानसभेचा प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तहसीलला आणि शेवटी तलाठ्यापाशीच येतो, आणि त्याचाच कागद चौकशी म्हणून परत वर जातो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

“माह्या मांडीवर गेली ते,” गुणाबाई म्हणाल्या.

लटारूभाऊ उभ्याउभ्याच रडू लागले. दहा महिन्यांत त्यांना रडताना कोणी पाहिले नव्हते. त्यांच्याकडे बघवत नव्हते.

सत्यशीलाबाईंनी डोळे पुसले. वाट बंद झालेली नाही, असे त्यांनी सांगितले. लटारूभाऊंनी खरा जबाब लिहून दिला तर आमदार हिवाळ्यात नागपूरला पुन्हा विचारतील. डोंगा मात्र तोवर राहणार नाही. तलाठ्याला फोन लावायला त्यांनी मोबाइल हातात घेतला.

“देऊन टाका लिहून,” गुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “आजच्या आज.”

लटारूभाऊंनी मान हलवली. मग ते सत्यशीलाबाईंकडे वळले.

“देतो. पन दिव्यानीले आठवा लागला हाय. तिले पार करू द्या आधी.”

सत्यशीलाबाईंनी मोबाइल बंद केला. दिव्यानी त्यांची सून होती.