कळंब्याचा नेम

विश्वजित नवी कोरी सायकल घेऊन सकाळी साडेआठलाच दारात उभा राहिला आणि श्रीपालअण्णांची पळवाट बंद झाली.

"आज मी पण येणार कळंब्याच्या तळ्यावर," तो म्हणाला. "एकटं किती दिवस जायचं?"

विश्वजित म्हणजे अपार्टमेंटचा सेक्रेटरी. कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायलाही गाडी काढणारा गडी. पण दीड वर्षापूर्वी अण्णा आणि त्रिशलाकाकू गडहिंग्लजहून इथं राजारामपुरीत राहायला आले आणि याच्या डोक्यात उजेड पडला. अण्णांनी येतानाच गाडी विकलेली. पासष्टीचा माणूस, पण कुणाच्या गाडीत पाऊल ठेवत नाही. दर गुरुवारी ऊन असो, पाऊस असो, सायकलनं कळंबा. विश्वजितनं त्यांना 'पर्यावरणदूत' करून टाकलं, गणपतीत शाल-श्रीफळ दिलं. अण्णा तेव्हा खाली मान घालून बसले होते. लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस.

आज काकूंनी आतून सांगून बघितलं, की एकट्यानं जायचं हा त्यांचा नेम आहे. जैनाच्या घरात नेम म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. पण हा कसला ऐकतोय! तळ्यावर गेल्यावर पाळा म्हणाला, वाटेत तर सोबत.

अण्णांनी घड्याळ बघितलं. दहाच्या आत पोचायचं आणि एकट्यानं पोचायचं, एवढंच त्यांना हवं होतं. चुकलं की पुढच्या गुरुवारपर्यंत जीव टांगणीला. त्यांनी मोबाईल नेहमीसारखा टेबलावर ठेवला, आधार कार्ड खिशात घातलं, दोन बनियन आणि साबणाची पिशवी हँडलला अडकवली.

विश्वजित खूश. निसर्गात मोबाईल कशाला, बरोबरच आहे. आणि या वयात तळ्यात डुंबताय होय, म्हणून त्यानं चेष्टाही केली.

सायबर चौकात दोघं गाड्यांच्या मधे अडकले. पुढं गाडी, मागं गाडी, दोन्ही बाजूला गाडी, आणि एकेका गाडीत एकेकच माणूस. विश्वजितचं धुरावर भाषण सुरू झालं. मागची एक गाडी हॉर्न मारत चाकाला टेकायला आली तशी अण्णांनी दोन्ही ब्रेक दाबून धरले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"तुमच्या पोराचं, जिनेंद्रचं, कसं काय परदेशात?" विश्वजितनं विषय बदलला.

काकू सगळ्यांना नेहमी सांगायच्या तेच अण्णांनी सांगितलं. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, सगळं शिस्तीत. तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, त्यातलं निम्मं सरलं.

"परदेशच तो," विश्वजित म्हणाला.

संभाजीनगरची वस्ती ओलांडल्यावर अण्णा उतरले. चेन निसटतेय, तू हो पुढं, म्हणाले. विश्वजितही उतरला. तुम्हाला टाकून जाईन होय, म्हणून चेन बघायला खाली बसला. चेन जागच्या जागी होती. दहाला सात मिनिटं कमी होती. अण्णांना रडू यायचं बाकी होतं. भल्या माणसाला हाकलायचं तरी कसं?

शेवटी ते सायकलवर बसले आणि थोडं पुढं जाऊन उंच भिंतीच्या फाटकाकडं वळले.

"अण्णा, तळं सरळ पुढं हाय की," मागनं विश्वजित म्हणाला.

तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायानं अण्णांचं आधार कार्ड घेतलं, पिशवी चाचपली. "पावणं, आज उशीर केलासा," म्हणत त्यानं वहीत नाव शोधलं. "जिनेंद्र श्रीपाल मगदूम. सायकलवाल्याला गाडीनं उडवलेली केस. आणि ह्ये कोण संगं?"

विश्वजितचा चेहरा पडला. मग त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्यासारख्या देवमाणसाच्या पोटी असलं पोरगं यावं, अण्णा?"

अण्णांनी तो हात बाजूला केला.

"त्याला काय बोलू नगंस," ते म्हणाले. "त्यो माझ्या शेजारच्या सीटवर बसला हुता."