ओला गिलावा

डहाणूच्या खाडीकाठच्या जुन्या जकात कचेरीला नवा गिलावा झाला, आत विजेचे दिवे आले. तपासणीच्या सकाळी ओव्हरसियर राऊत पाहतात तर बांबूंच्या परांचीवर वरपासून खालपर्यंत बोंबील टांगलेले, आणि खाली मैना कोळीण उभी.

"मैनाबाई, उतरवा हे! परांची आजच काढायचीय."

"आमच्या वाळवणाच्या जागेवर तुमचा चुना पडलाय, सायेब. अजून दोन दिवस ऊन नाय लागलं तर सगळे कुजतील. मग पोरांना काय चुना खायला घालू?"

तेवढ्यात इंजिनियर साहेबांची जीप येऊन थांबली.

"राऊत, परांची अजून उभी कशी?"

राऊतांनी एकदा मैनाकडे पाहिलं.

"वरचा गिलावा ओला आहे, साहेब. दोन दिवस तरी लागतील."

साहेबांनी मान वर करून लांब श्वास घेतला.

"बरं. वाळला की शेरभर आमच्या घरी पाठवा."