गटाबाहेर

"वस्ताद, यंदा उपाशी न राहताच बसले बघा गटात!" वजनकाट्यावरून उतरत पंधरा वर्षांची शरयू म्हणाली. गट शेहेचाळीस किलोंचा होता आणि काटा त्रेचाळीस दाखवत होता. तालमीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वस्ताद मात्र हसले नाहीत. दरवर्षी वजन उतरवताना रडकुंडीला येणारी ही पोरगी यंदा आपोआप कशी उतरली? दुपारी ते तिच्यासमोरच जेवायला बसले. अर्ध्या भाकरीतच तिने ताट सरकवलं.

"भरलं पोट. दोन महिने असंच होतंय. कधी उलटीपण होते. पित्ताच्या गोळ्या चालू आहेत की."

वस्ताद तिला आणि तिच्या आईला घेऊन दवाखान्यात गेले.

"पित्तच आहे," डॉक्टर म्हणाले. "या वयात दुसरं काय असणार?"

"मग गोळ्यांनी थांबत का नाही?" वस्ताद म्हणाले. "दुर्बीण घालून बघा. तोवर मी इथून उठत नाही."

दुर्बिणीतून दिसलेल्या गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा जठराचा कर्करोग निघाला. मुलांमध्ये अगदी क्वचित होणारा, पण वेळेत सापडलेला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. शरयू चार-चार घासांनी पुन्हा जेवायला शिकली.

दोन वर्षांनी, जिल्हा स्पर्धेच्या दिवशी, ती पुन्हा काट्यावर चढली. पंचांनी मान हलवली.

"सत्तेचाळीस किलो दोनशे. वजन जास्त आहे, या गटात चालणार नाही."

"जरा मोठ्याने सांगा की, साहेब," वस्ताद म्हणाले. "तिची आई पार मागं बसलीय."