आईच्या पायाची बोटं

"इथे दुखतं?" डॉक्टरबाईंनी पालथ्या झोपलेल्या आईचा कमरेखालचा सांधा दाबला.

"छे!" आई एसटीत कंडक्टर आहे. दुखणं कागदावर आलं, की डेपोत खुर्चीवर बसवतील, ही तिची धास्ती.

मी तिच्या पायांपाशी चुळबुळत उभी. "आणि इथे?" बाईंनी विचारलं. "नाही हो, मॅडम."

मला राहवेना. "मॅडम, डेपोत खुर्चीवर बसवतील म्हणून खोटं बोलतेय ती! तुम्ही दाबलंत, की पायाची बोटं आवळतेय, बघा!"

"घरी चल, बघते तुझ्याकडे," आई उशीत पुटपुटली.

"ताई, आत्ता खरं सांगितलंत, तर व्यायाम करून गाडीवरच राहाल. लपवलंत, तर खुर्ची पक्की," म्हणत बाईंनी परत दाबलं.

"आई गं!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. मी चक्क टाळ्या वाजवल्या.